कोणाच्याही मुलीचं नसलेलं नाव

वकिलाची ईमेल आली त्या दिवशी नोएडातल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये सकाळपासून वीज नव्हती. बिल्डरच्या जाहिरातीत चोवीस तास पॉवर बॅकअपचं वचन होतं, आणि तो बॅकअप म्हणजे आम्ही स्वतः घेतलेला इन्व्हर्टर. त्याच्या जिवावर कॉम्प्युटर आणि मोडेम कसेबसे चालू होते. वकील परदेशातला, भाषा लोण्यासारखी. तुमच्या उत्साहाचा आम्हाला आदर आहे. परंतु तुमच्या प्रोग्रॅमला जे नाव आहे त्याच नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आमची कंपनी विकते, ते नाव आमच्या मालकीचं आहे, तरी आपण दुसरं नाव शोधावं.

आधी मला हसू आलं आणि मग तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांच्या मालकीचं म्हणे! त्यांनी ते कुठून उचललं देव जाणे. मला ते माझ्या आत्याने दिलं होतं, बारशाला, पाळण्यात वाकून कानात कुर्र करून, आणि रिवाजाप्रमाणे बायकांचे धपाटे पाठीवर खाऊन. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना वापरायचं त्यांनी वापरून आणि ज्यांना पुसायचं त्यांनी पुसून झालं आहे.

प्रोग्रॅम तसा छोटाच होता. त्या काळी मोफत मिळणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टिमवर मराठी किंवा हिंदी लिहायला गेलं की पडद्यावर नुसत्या चौकोनांच्या रांगा उमटायच्या. ते चौकोन जाऊन अक्षरं दिसावीत, जोडाक्षरं नीट जुळावीत, यासाठी मी रविवारी सकाळी बसून तो लिहायला घेतला. कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कोणीही न्यावा, सुधारावा, पुढे वाटावा. हळूहळू मदतीला माणसं आली. बंगळूरचा एक इंजिनिअर, जर्मनीतले एक संस्कृतचे प्राध्यापक, आणखी दोघं-तिघं. आम्ही कोणीच एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. सगळं ईमेलवर चालायचं.

आणि या प्रोग्रॅमला मी माझं नाव दिलं होतं. माझं माहेरचं नाव.

आमचं लग्न दिल्लीतल्या एका मराठी मंडळाच्या हॉलमध्ये झालं. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे मुलीकडून सगळं करायला बाबा एकटेच. संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला ताम्हणात तांदूळ पसरले, आणि करोल बागेतून आणलेल्या अंगठीने नवऱ्याने त्यात माझं नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी निवडलं होतं. पत्रिकेशी जुळणारं, मुलाच्या नावाला शोभणारं. मी ते तांदळातच पहिल्यांदा वाचलं. सासूबाईंनी रीत म्हणून बाबांना विचारलं, "तुमची हरकत नाही ना?" बाबा हात जोडून म्हणाले, "आता तुमचीच मुलगी." पेढे वाटले गेले. मी अभियांत्रिकीची पदवी घेतलेली बाई, हातात पेढा घेऊन गप्प बसले. तेव्हा त्यात वावगं आहे असं कोणाला वाटत नसे. मला वाटलं, पण ते सांगायला शब्द नव्हते.

पुढे रेशनकार्डापासून ऑफिसच्या दारावरच्या पाटीपर्यंत सगळीकडे ते तांदळातलं नाव लागलं. जुन्या नावाने हाक मारणारं एकच माणूस उरलं, बाबा. तेही चोरून. सासरचं कोणी समोर असलं की ते मला कुठल्याच नावाने हाक मारत नसत. "अगं ऐक," म्हणत, नाहीतर नुसतं खाकरत. पण नवं नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. फोनवर मात्र आधी विचारत, "अच्छा, एकटीच आहेस ना?" आणि मग हाक मारत.

बाबा फरीदाबादला राहत. एका कारखान्याच्या ओतकाम खात्यात त्यांचा जन्म गेला. लोखंडाचा रस, तापलेली वाळू आणि धूळ. नव्या आर्थिक धोरणानंतर कारखाना परदेशी कंपनीने घेतला, फाटकावरची पाटी बदलली आणि जुन्या माणसांना स्वेच्छेने घरी जायला सांगितलं. स्वेच्छा कोणाची हे कोणी विचारलं नाही. बाबांनी घरी येताना छातीत ती धूळ तेवढी आणली.

पहिल्यांदा जेव्हा एका कॉम्प्युटर मासिकाने सोबतच्या सीडीवर आमचा प्रोग्रॅम दिला आणि आत त्याची चार ओळींची माहिती छापली, तेव्हा तो अंक घेऊन मी फरीदाबादला गेले. बाबांना प्रोग्रॅम म्हणजे काय ते कळत नव्हतं. पण वर ठळक अक्षरांत माझं नाव होतं आणि खाली लिहिणाऱ्याचं म्हणून पुन्हा माझं नाव, त्यांच्या आडनावासकट. अंक त्यांनी कॉलनीभर फिरवला. शेजारच्या सरदारजींना सांगत होते, "बेटी का नाम है जी, मेरी बेटी का." त्यानंतर ते मासिक ते दर महिन्याला घ्यायला लागले. इंग्रजीशी त्यांचं जेमतेम जमायचं, तरी चष्मा लावून बोटाने ओळ न् ओळ चाळत.

वकिलाशी भांडायला आमच्याकडे ना वकील होता ना बळ. मी ईमेल सगळ्यांना पाठवली आणि नवं नाव शोधायचं ठरलं. मग काय, हौसेला मोल नाही. बंगळूरच्या इंजिनिअरने पक्ष्यांची नावं सुचवली. प्राध्यापकांनी व्याकरणकारांची, नद्यांची, देवींची. एकाने इंग्रजी आद्याक्षरं जुळवून काहीतरी विनोदी केलं. लोक मतं देत होते, हसऱ्या चेहऱ्यांची चिन्हं धाडत होते. प्रोग्रॅमला माझं नाव आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते माझ्या आयुष्यात आणखी कुठेच उरलेलं नाही, हे ठाऊक नव्हतं, आणि मी ते सांगणार नव्हते. दया नको होती मला.

घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो गुडगावच्या नव्या काचेच्या इमारतींतून दमून आलेला असायचा. म्हणाला, "बदल ना यार. प्रोग्रॅम तर तोच राहणार आहे."

"मीही तीच राहिले होते," मी म्हटलं.

त्याला रोख कळला. चिडवायचं म्हणून म्हणाला, "ताम्हण काढू का? तांदूळ आहेत घरात."

मी हातातली पोळी ताटात टाकून उठले. तो वाईट माणूस नव्हता. मागून येऊन दोनदा सॉरी म्हणाला. पण त्याच्या आयुष्यात त्याला कधी कोणी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं केलं नव्हतं. त्याला काय समजावणार?

शेवटी सगळे म्हणाले, सुरुवात तुम्ही केलीत, तुम्हीच ठरवा. मी नदी नको म्हटलं, देवी नको म्हटलं. ज्याला काही अर्थ नाही, जे कुठल्याही घरात कोणाच्याही मुलीचं नसेल, असं नाव हवं होतं. आज ना उद्या तेही कोणी मागायला येईल, तेव्हा निदान कोणाच्या काळजाला हात लागू नये. दोन-तीन अक्षरं एकापुढे एक ठेवून मी एक कोरडा शब्द बनवला. सगळ्यांना तो आवडला. छोटा आहे, लक्षात राहतो, म्हणाले.

प्रत्यक्ष बदलण्याचं काम बंगळूरच्या इंजिनिअरने अंगावर घेतलं. शेकडो फायलींतून जुना शब्द हाताने कोण शोधत बसणार? आमच्या धंद्यात त्यासाठी एक हुकूम द्यायचा असतो: जिथे जिथे हे दिसेल तिथे तिथे ते घाल. त्याने तो दिला. कॉम्प्युटर बिचारा सांगकाम्या. प्रोग्रॅम कुठला आणि बाई कुठली, त्याला काय ठाऊक? प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या नावांच्या फायलीत सर्वांत वर माझं नाव होतं, तेही त्याने पुसलं. आता तिथे तो कोरडा शब्द होता आणि त्याच्यापुढे बाबांचं आडनाव.

माझ्या लक्षात आलं तेव्हा नवी आवृत्ती जगभर गेलेली होती. इंजिनिअरने मनापासून माफी मागितली, शेवटी एक हसरा चेहरा टाकला, आणि मी त्याच दिवशी ती ओळ दुरुस्त केली. पण मासिकवाल्यांनी दुरुस्तीआधीची आवृत्ती उचलली होती.

तोवर बाबांच्या उशाशी ऑक्सिजनचं सिलिंडर आलं होतं. फरीदाबादच्या हवेत धूर आणि धुकं एकत्र उतरायचं, आणि त्या दिवसांत त्यांचा श्वास खोलीच्या दारापर्यंत ऐकू यायचा. नाव बदलल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायला जाई आणि त्यांचा चेहरा पाहून हवापाण्याचं बोले. मासिकाचा तो अंक आला आहे हेही मला माहीत नव्हतं. एका रविवारी गेले तर तो त्यांच्या छातीवर उघडा पडलेला.

"ये," ते म्हणाले, आणि बोट एका ओळीवर ठेवलं. "आपल्या आडनावाची ही कोण गं? तुझ्यासारखंच काम करते, देवनागरीचं."

मी ओळ वाचली. खोटं बोलायला वेळ होता. पण बाबांशी खोटं कधी जमलं नाही.

"मीच आहे ती, बाबा. त्या नावाचा दुसरा मालक निघाला. बदलावं लागलं."

त्यांनी नळी सारखी केली. पुन्हा त्या ओळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, त्यांना समजलं नसावं.

"इथेही?" ते म्हणाले.

मग म्हणाले, "तेव्हा मी हरकत आहे म्हणायला हवं होतं. तुझी आई असती तर म्हणाली असती." मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी काय करणार होता, सगळीकडे तशीच पद्धत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून रडले. राग कोणावर काढावा तेही कळेना. वकिलावर काढावा तर तो हजारो मैल दूर, आणि बाबांवर काढावा तर ते असे.

बाबा त्याच थंडीत गेले. आता त्या नावाने मला हाक मारणारं या जगात कोणी नाही, आणि याची सवय होते असं जे म्हणतात ते खोटं बोलतात.

पण बाबा जाण्याच्या काही दिवस आधी सासूबाई त्यांना बघायला पुण्याहून आल्या होत्या. नवरा त्यांना गाडीतून घेऊन आला. खुर्च्या मांडल्या, मी चहा टाकला. सासूबाई पलंगाशी बसून तब्येतीची विचारपूस करत होत्या, बाबा मानेनेच उत्तरं देत होते. मध्येच त्यांनी तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला, आणि सगळ्यांच्या देखत, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून माझ्या नावाने हाक मारली. पाणी मागितलं.

सासूबाईंनी दाराकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे.

"कोणाला हाक मारतायत रे ते?" त्यांनी विचारलं.

"मला," मी म्हटलं आणि पाणी घेऊन गेले.