सेल्मर जेवणाला कसा आला

आर्लिस ब्रेकीने १९७१ साली मला पेपरात ‘डुलत डुलत’ आणलं, ते मी अजून विसरलेलो नाही. आमच्या गावच्या साप्ताहिकात कोण कुणाकडे कॉफीला गेलं, कुणाची बहीण मिनियापोलिसहून आली, हे ती लिहायची. नुसतं ‘आला’, ‘गेला’ लिहिणं तिला कमीपणाचं वाटे. इंग्रजीत चालण्याला जेवढे म्हणून शब्द आहेत तेवढे तिने वहीत उतरवले होते. त्यातला कुठला कुणाला द्यायचा, हे ती खिडकीत बसून ठरवायची. पाद्रीबाबा कायम ‘लगबगीने’ येत, बँकेचा मॅनेजर ‘रुबाबात’, त्याची बायको ‘ठुमकत’. माझं हार्डवेअरचं दुकान, अंगाने जरा भरलेला, म्हणून मी ‘डुलत डुलत’. बायकोने ते कात्रण फ्रिजवर लावलं. मी तक्रार केली, तर आर्लिस म्हणाली, “तू चाल बदल, मी शब्द बदलते.”

चाळीस वर्षांत तिने कुणासाठी शब्द बदलला नव्हता. तिच्या खिडकीसमोरून जाताना अख्खं गाव पोट आत घ्यायचं.

मग सेल्मर ट्वाइटचं खुब्याचं हाड मोडलं. सेल्मर ऐंशीला टेकलेला, घरात एकटा. मुलगी कार्ना फार्गोला. फोनवर बाप “झकास आहे” याखेरीज काही बोलत नाही, हे तिला पुरतं ठाऊक. पेपर मात्र टपालाने तिच्याकडे जायचा. तिने बापाला बजावलं होतं, “आर्लिसने एकदा जरी ‘पाय ओढत’ लिहिलं ना बाबा, की मी गाडी घेऊन आलेच. वृद्धाश्रमात खोली धरून ठेवलीय.”

चर्चमध्ये दर ऑक्टोबरात ल्युटफिस्कचं, म्हणजे क्षारात मुरवलेल्या सुक्या माशाचं, जेवण असतं. त्याच्या आदल्या दिवशी आर्लिस माझ्याकडे बल्ब घ्यायला आली, तर सेल्मर आधीच काठी टेकून उभा.

“उद्या मी जेवणाला येतोय, आर्लिस.”

“ये की. मासा दरवर्षीइतकाच वाईट असणार.”

“काय लिहिशील?”

“दिसेल ते.”

“‘रमतगमत आला’ एवढंच लिही गं. शाळेत तुझी गणितं मी करून द्यायचो.”

“त्यातली निम्मी चुकायची.”

सेल्मर हसला नाही. “मला त्या घरातून हलायचं नाहीये,” एवढंच म्हणाला आणि गेला.

मला तिचा भयंकर राग आला. “एका शब्दाने काय आभाळ कोसळणार आहे?” मी म्हणालो.

“आज त्याला फुकट दिला, तर उद्या तू मागशील,” तिने पिशवी उचलली आणि नेहमीसारखी तरातरा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मी दुकानाच्या दारात उभा होतो. सेल्मर घरातून निघाला. डावा पाय पार फरफटत होता, खोटं कशाला बोलू. समोर आर्लिसच्या खिडकीचा पडदा सरकला. आता वृद्धाश्रमातली खोली काही चुकत नाही, म्हटलं. पण खिडकी एकदम रिकामी झाली आणि रविवारचा कोट चढवून बाई रस्त्यावर! तिने सेल्मरच्या हातात हात अडकवला.

“इतकी घाई कसली रे? मासा काही पळून जात नाही.”

घाई! दहा मिनिटांत तो वीस पावलं चालला होता.

दोघं बेकरीपाशी थांबले. पाद्रीबाबांच्या बागेतल्या डेलियाच्या फुलांना नावं ठेवली. माझ्या दुकानापुढे तर बर्फ उपसायच्या फावड्यांपाशी इतका वेळ उभे राहिले की मी खुर्ची आणून दिली. घरी दोघांकडेही फावडी होती. एरवी तरातरा चालणाऱ्या बाईला त्याच्यासाठी असं हळू चालताना पाहून मला भरून आलं.

पेपरात छापून आलं: ‘सेल्मर ट्वाइट आणि आर्लिस ब्रेकी रमतगमत जेवणाला आले.’

“शेवटी बदललात ना शब्द?” मी तिला डिवचलं.

“आधी चाल बदलली,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यातही दोघं ‘रमतगमत’, त्याच्या पुढच्याही. मग कार्नाचा फोन माझ्या दुकानात.

“खोली सोडली मी,” ती म्हणाली. “पण मला खरं सांगा, या आर्लिसबाईंचा विचार तरी काय आहे?”

मी बाहेर पाहिलं. दोघं परत फावड्यांपाशी उभे होते.

“फावडं घ्यायचा दिसतोय,” मी म्हणालो.