देव्हाऱ्यातली शाब्ली

मंडळी, आज आमची नवी सून क्लेअर फ्रान्सहून पहिल्यांदाच तारनाक्याच्या घरी आली. आल्या आल्या तिने माझ्या सासूबाईंच्या हातात एक बाटली ठेवली.

आमच्याकडे घरात आलेली वस्तू आधी देवापुढे जाते. सासूबाईंनी सरबत समजून बाटलीला हळदकुंकू लावलं आणि ती देव्हाऱ्यात ठेवली.

लेक चाचरत म्हणाला, "आजी, ती शाब्ली आहे. क्लेअरच्या गावची पांढरी वाईन."

क्लेअरचा चेहरा उतरला.

सासूबाई म्हणाल्या, "असू दे. माहेरचं आणलंय पोरीनं. ह्याच्यासंगं काय खातात?"

"शिंपले, बकरीच्या दुधाचं चीज," लेक म्हणाला.

"ते नक्को. कोथिंबीर वडी तळते."

वडी वाईनबरोबर छान लागली. सासूबाईंनी घोटही घेतला नाही, पण क्लेअर बाटलीवरचं कुंकू पुसायला लागली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

तुमच्या देवानं माणसांसाठी काय काय चालवून घेतलंय?