भिंतीवर लावलेला गुडघा

त्या रविवारी आमचा गुडघा कुणी वाचवला, हे मला अजून कळलेलं नाही. गुडघा म्हणजे आमच्या सेंटर फॉरवर्डचा, डावा. तो धुळ्यातल्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचा. गुडघा गेला असता तर काम गेलं असतं.

फुटबॉलची मॅच नदीपलीकडच्या टीमशी होती. एकाच गावातल्या दोन टीम, म्हणून जास्तच चुरस. आठवडाभर आमची वस्ती विहाराच्या ओट्यावर बसून माणसं मोजत होती. टीम निवडणाऱ्या आबांनी आमच्या बारा जणांचे बारा खडे मांडले आणि तीन बाजूला सारले. गोलकीपरचा अंगठा प्लास्टरमध्ये, एकाला कावीळ, आणि हा गुडघा. राखीव म्हणून शिंदखेड्याहून कुणाचा तरी मेहुणा आणला होता. त्याला फक्त व्हॉलीबॉल येत होता.

"चांगलं शे," आबा म्हणाले, "त्याले गोलमा उभा करा. हात लायी तरी चाली."

सगळे हसले. मला मात्र संताप आला होता. मैदानभर खडी, पोरं जायबंदी होतात, आणि जाब कुणी विचारायचा? मी संघटनेचा पत्रकं लिहिणारा. रात्रीतून 'जाहीर निषेध!' लिहिला, सायक्लोस्टाइल केला आणि पुलाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चिकटवला. मोघम लिहायचं नाही, पुरावा द्यायचा, ही आमची शिस्त. म्हणून सगळं दिलं: कुणाचा अंगठा, कुणाचा गुडघा, कोणता गुडघा.

शनिवारी सकाळी सेंटर फॉरवर्ड लंगडत आला.

"भाऊ, मन्हा गुडघा भिंतवर काबरं चिपकाडा?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मी पळत पुलावर गेलो, पण नखांनी खरवडून खळ निघत नाही. पलीकडची पोरं शांतपणे वाचत उभी होती.

त्याला म्हटलं, खेळू नकोस. तो म्हणाला, मग अकरा कुठून आणणार?

मॅचमध्ये त्यांचा फुलबॅक, अंगानं रेड्यासारखा, पूर्ण वेळ त्याच्या उजव्या बाजूनंच भिडला. डावीकडे एकदाही नाही. मेहुण्यानं एक गोल खाल्ला, आम्ही हरलो. आमचा गडी स्वतःच्या पायांनी बाहेर आला.

मी तडक फुलबॅककडे गेलो. "पत्रक वाचलं होतं का?"

"वाचं ना भाऊ. बठ्ठासनी वाचं."

"सगळ्यांनी? मग?"

"तुन्हा कागदवर कोन इस्वास ठेवस? मांगे तू लिखं व्हतं, बठ्ठं धुळं बंद राही. त्या दिन मी हाटेलमा तीनदा चहा पीना!" त्याची पोरं खदखदून हसली. मी वळलो, तसा तो हळूच म्हणाला, "सोमवारले तो कामवर जाई ना?"

म्हणजे काय समजायचं? विश्वास नव्हता, तर हे कशाला विचारलं? आणि होता, तर माझी टर का उडवली?

परतताना सेंटर फॉरवर्डला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं होतं. माझ्या पिशवीत आदल्या दिवशीच छापून ठेवलेला गठ्ठा होता: 'नदीपलीकडच्या दांडगाईचा जाहीर निषेध!'

"थैलीमा काय शे?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि खड्डे चुकवत सायकल हळू चालवली.