चौथं पाखरू

रामनाथने उभ्या आयुष्यात ट्राऊट मासा पाहिला नाही. तरी त्या माशाला खायला काय आवडतं, हे त्याला स्वतःच्या सासूच्या आवडीनिवडींपेक्षा जास्त ठाऊक होतं.

आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला, भात-नाचणी करणारा हा गडी पंचाण्णव साली कामासाठी कळंबला उतरला. हायवेलगत भगवंतरावांची पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथं कांदा असायचा, आता गळ असायचे. भाताच्या दाण्याएवढ्या गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून पाखरू बनवायचं. ते पुण्याच्या व्यापाऱ्याकडून परदेशी जायचं, आणि तिकडचे साहेब ते काठीच्या दोरीला लावून थंड पाण्यातल्या ट्राऊटला फसवायचे. एवढं करून धरलेला मासा ते परत पाण्यात सोडतात, हे कळलं तेव्हा शेडमधल्या बायका आठवडाभर हसत होत्या.

"सोडायचाच व्हता तर धरला कशाला?" झुंबरबाई म्हणाली. "पाव्हणा हाय का त्यो?"

झुंबरबाई शेड झाडायची, आणि पिसांसाठी पाळलेल्या कोंबड्यांना दाणे घालायची. शेडमध्ये तिच्याइतका अधिकार खुद्द भगवंतरावांनाही नव्हता.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात व्यापाऱ्यानं चित्रासोबत निरोप धाडला: हुबेहूब मेफ्लाय पाहिजेत, आधी चार नमुने पाठवा. पसंत पडले तर वर्षभराचं काम. नाहीतर शेडमध्ये पुन्हा कांदा, आणि रामनाथ नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेट उचलायला.

चित्रातली मेफ्लाय बघून रामनाथ हसला. उभे काचेसारखे पंख, शेपटीला तीन केस. "हे तर आपल्या घोडनदीवरचं पाखरू. सांजच्याला उठतं, दिव्यावर येतं, सकाळपातूर खलास."

"मग कर की," भगवंतराव म्हणाले. "पण खुर्चीत बसून, शिकंज्यात गळ धरून. साहेबाचं काम साहेबासारखं व्हाया पाहिजे."

घरी रामनाथ वाखाचे दोर वळायचा ते जमिनीवर बसून, दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून. खुर्चीत त्याचे पाय नुसते लोंबकळत राहायचे, शाळा तपासायला आलेल्या माणसासमोरच्या पोरासारखे. तरी एकेका पाखराला तीन दिवस देत त्यानं बारा दिवसांत चार केली. शेवटच्या संध्याकाळी त्यांना रोगण दिलं आणि वाळायला टेबलावर ठेवली. झाकण घातलं असतं तर पंख चिकटले असते. सकाळी दहाच्या एस.टी.नं भगवंतराव ती घेऊन पुण्याला निघणार होते.

सकाळी सातला रामनाथ आला. टेबल लख्ख.

"झुंबरबाई, हितं चार पाखरं व्हती!"

"चार? चारशे व्हती! लाईट चालू ऱ्हायली राती. समदी झाडून कोंबड्यांपुढं टाकली. रोजच टाकते."

रामनाथ शेडमागं धावला. मेलेल्या पाखरांचा ढीग पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. तो उकिडवा बसला आणि बघत राहिला. ज्यांना मुंग्या लागल्या नव्हत्या, ती तीन त्याची. चौथं कुठं गेलं, ते तांबड्या कोंबड्यानं सांगितलं. तो मान झटकत अंगणात गोल गोल पळत होता, आणि त्याच्या चोचीच्या कडेला गळ अडकला होता.

"आगं बया!" झुंबरबाईनं त्याला पदरात धरला. "रामनाथ, तुझा पयला टराऊट!"

रामनाथला हसू आलं नाही. त्यानं चिमट्यानं गळ अलगद सोडवला. पाखराच्या चिंध्या झाल्या होत्या. त्याचे पंख ह्याच कोंबड्याच्या मानेच्या पिसांचे होते, म्हणजे गडी स्वतःच्याच पिसांना फसला होता.

"तीन घेऊन जातो," भगवंतराव घड्याळाकडं बघत पुटपुटले.

"चार म्हणले त्ये. थांबा."

रामनाथनं कोंबड्याच्या मानेचं एक पीस घेतलं. कोंबडा ओरडला, पण औषधपाण्याची तेवढी फी होतीच. मग खुर्ची सरकवून तो जमिनीवर बसला, गळ लाकडी चिमट्यात धरला, चिमटा पायाच्या अंगठ्यात, आणि दोन्ही हात मोकळे. दोर वळावा तसा दोरा फिरू लागला. पाखराच्या पायांना गाठी घालताना त्यानं चित्राकडं पाहिलं नाही. नदीवरचं पाखरू उडायच्या आधी पुढचे दोन पाय कसे उचलतं, ते त्याला आठवत होतं. पावणेदहाला त्यानं चौथं पाखरू भगवंतरावांच्या तळहातावर ठेवलं, आणि भगवंतरावांनी चटकन दुसरा हात वरून झाकला. उडून जाईल म्हणून! मग स्वतःच ओशाळले.

महिन्यानं उत्तर आलं. तीन बरी आहेत. चौथं मात्र फार आवडलं, सगळा माल तसाच हवा. भगवंतरावांनी खुर्च्या गुपचूप लग्नाच्या मांडवांना भाड्यानं दिल्या आणि शेडला चटया आणल्या. त्यांवर बसून रामनाथनं पुढं दहा वर्षं पाखरं बांधली, आणि सहा बायकांना अंगठ्यात चिमटा धरायला शिकवलं.

झुंबरबाईनं मात्र तेव्हापासून नुसतं झाडणं सोडलं. पावसाळ्यात रोज सकाळी भरलेली सुपली रामनाथच्या नाकासमोर धरायची.

"बघ बाबा, ह्यात तुझी किती नि देवाची किती."

तो बोटानं चाळायचा. अधूनमधून मुद्दाम वेळ लावायचा, ओळखू येत नसल्यासारखा.