पलीकडच्या गावाची जर्सी

माझा नवरा जहूर अबुधाबीजवळच्या मुसफ्फात गोदाम सांभाळतो, पण जीव त्याचा इथे आलेल्या गावकऱ्यांच्या क्रिकेट टीममध्ये. मैदानात त्याच्याइतकं कुणी ओरडत नाही. इथल्या लीगमध्ये टीमला गावचीच माणसं लागतात. जहूरच्या गावाने एक जावई खेळवला आणि वर्षभराची बंदी ओढवून घेतली. त्यातच तिकडे गावच्या खाडीपलीकडे असलेल्या माझ्या माहेरची टीम शारजाच्या मोठ्या लीगमध्ये गेली. तेव्हापासून हा जळतोय. त्यांच्या नव्या जर्सीचा फोटो पुन्हा पुन्हा बघतो आणि म्हणतो, "रंग भिकार आहे."

काल माझ्या भावाचा फोन आला. "आमच्या लीगमध्ये जावई चालतात. जहूरभाईंना ओरडायला पाठव."

"मेलो तरी नाही," जहूर म्हणाला.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात हळूच म्हणाला, "एक्सएल आहे का विचार."