वळणावरची गाबोळी

माझी वहिनी मृणाल हुगळीकाठच्या आमच्या शहरातल्या बेहाला भागातली, इथेच जन्मलेली मराठी मुलगी. मासे अंडी कुठे घालतात हे शोधणं ही तिची नोकरी. रोज लोकलने बराकपूर, तिथून होडीने हुगळीत. घरी आली की माझ्या भावाला, मिहीरला, नदीचं सगळं सांगायची. नवऱ्यापासून काही लपवावं असं तिला कधी वाटलंच नाही, आणि तिथेच घात झाला.

समुद्रातून नदीत वर चढणाऱ्या इलिश माशाला अंडी घालायला गोडं, खोल, ओढ असलेलं गढूळ पाणी लागतं. यंदा पावसाने ओढ दिली, नेहमीच्या जागी वाळू साचून पाणी उथळ झालं, आणि मासा वर न जाता खालच्याच एका वळणावर थांबला. मासेमारीला बंदी होती ती जुन्या जागेवर. म्हणून मृणालने तिथल्या घाटावरच्या बिमलदांची मिनतवारी केली. त्यांच्या कोळ्यांनी ऐन हंगामात, कोजागिरीला, जाळी घरात ठेवायचं कबूल केलं. जागा बाहेर फोडायची नाही असंही ठरलं. ती फुटली आमच्या जेवणाच्या टेबलावर.

कोजागिरीच्या संध्याकाळी दूध आटत होतं. मिहीर पिशवी घेऊन आला आणि कौतुकाने म्हणाला, "तुझ्याच वळणावरचा इलिश. गाबोळीने पोट बघ कसं तट्ट फुगलंय."

मृणालने गॅस बंद केला. "कोणाला सांगितलंस?"

ऑफिसातल्या साहेबांना, म्हणाला. त्यांना गाबोळी फार आवडते, त्यांनी बाहेरच्या होड्या लावल्या. एवढ्या मोठ्या नदीत चार माशांनी काय होतंय, असंही वर ऐकवलं. माझा सख्खा भाऊ, पण मला त्याची किळस आली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर घाटावर गेले. जागा माझ्याच घरातून फुटली, हे तिने सरळ सांगून टाकलं. बिमलदा चिडले असते तर बरं झालं असतं.

"आमची जाळी घरात होती, दिदी," ते म्हणाले. "तुमच्या शब्दावर. पुढच्या वर्षी नका येऊ सांगायला."

परतताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून रडली.

मिहीरने माफी मागितली. हल्ली जेवताना तोच आपणहून विचारतो, आज नदीला पाणी कसं होतं?

"पाण्यासारखं," मृणाल म्हणते, आणि त्याला पोळी वाढते.