इंग्रिडकाकूंचं लाल घर

कुठल्याही जुन्या घरात शिरण्याआधी इंग्रिडकाकू दाराच्या चौकटीवरून अंगठ्याचं नख हलकेच ओढायच्या. रंगाचा एखादा पोपडा निघाला की वाकून त्याखालचा रंग बघायच्या आणि म्हणायच्या, "हिरव्याच्या आत पिवळा. आधी इथे कोणीतरी हसरा माणूस राहत होता." त्यांचं मराठी वेंगुर्ल्याच्या सासूबाईंकडून आलेलं. त्यामुळे 'कशाला'ऐवजी नेहमी 'कित्याक', आणि भिंत त्यांच्या लहरीप्रमाणे कधी 'तो' तर कधी 'ती'. स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यात जन्मलेली ही उंच, पांढऱ्या केसांची बाई सिंगापुरात, जू चियाटच्या एका जुन्या दुमजली घरात, सामंतकाकांबरोबर भाड्यानं राहत होती.

काका बोटीवर चीफ इंजिनियर. तरुणपणी त्यांची बोट दुरुस्तीसाठी हिवाळाभर स्वीडनमध्ये अडकली, तेव्हा दोघांची गाठ पडली. पुढे सिंगापूरच्या बंदरात किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि दोघं इथलेच झाले. मूलबाळ नव्हतं. काका माझ्या सासऱ्यांचे जुने मित्र. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही पुण्याहून टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा पहिल्या रविवारी त्यांच्याकडेच जेवायला गेलो.

त्या गल्लीत ओळीनं जुनी घरं होती. पिस्ता, गुलाबी, फिकट निळी. खाली फुलांच्या नक्षीच्या फरशा. त्यात हे एकच घर गडद लाल, खिडक्यांना रुंद पांढरी किनार आणि दार मोहरीसारखं पिवळं. कुणी रंगवलं, असं मी विचारलं.

"मी. आणखी कोण?" काकू म्हणाल्या. "आमच्याकडे हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार गो. आभाळ राखाडी, समुद्र राखाडी. माझे बाबा मासे मारून परत यायचे ते लाल घर शोधत. घर लाल नसता तर ते शेजारणीकडे जेवायला बसले असते!"

काका मोठ्यानं हसले. हा विनोद त्यांनी तीस वर्षं ऐकला असणार.

नोकरी करायचा परवाना नसल्यामुळे मी दिवसभर घरीच असे. आठवड्यातून दोनदा तरी बस पकडून काकूंकडे जायची. त्या मला घेऊन गल्लोगल्ली हिंडायच्या. एखादं ताजं रंगवलेलं घर दिसलं की रस्त्यात थांबून दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहायच्या. म्हणायच्या, "इथल्या माणसांना रंगाची लाज वाटत नाही. म्हणून मी इथे राहू शकते."

काही महिन्यांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्यांच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा होता. दिव्याच्या बटणांभोवती पिवळे चौकोन होते. काकांचा चहाचा कप भडक लाल, आणि त्याखालची बशी पांढरी. एकदा चहा पिताना काकांनी कपाकडे हात नेला आणि त्यांची बोटं शेजारच्या हवेत मिटली. मी काही बोलणार, तोच काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "काचबिंदू. डॉक्टर मला भेटले. त्याला वाटतं, मला माहीत नाही. चीफ इंजिनियर ना! आपल्याला दिसत नाही, असं कसं सांगणार?"

"मग तुम्हीच बोला ना काकू."

"नको. तो सांगेल तेव्हा मी ऐकेन."

वर्षभर त्या थांबल्या. मग घराची म्हातारी मालकीण वारली. तिच्या मुलांनी घर विकायला काढलं आणि सहा महिन्यांत जागा सोडा म्हणून पत्र आलं. त्याच आठवड्यात मी गेले तर काकू बाहेर स्टुलावर चढून खिडकीचा जुना रंग खरवडत होत्या. खाली रंगाचे दोन डबे. मला रागच आला.

"काकू, घर सोडायचंय. आता रंग कित्याक?"

"इतकी वर्षं त्याने आम्हाला सांभाळलं," त्या खरवडता खरवडता म्हणाल्या. "जाताना त्याला फाटक्या कपड्यांत सोडू?"

आवाज ऐकून काका भिंतीला धरत बाहेर आले. खिडकीच्या झडपेवरून त्यांनी सावकाश बोटं फिरवली. "इंग्रिड, हा कोपरा खडबडीत राहिलाय. पॉलिशपेपर दे."

काकूंचा हात थांबला. "तुला दिसतंय?"

"नाही," काका म्हणाले. "बरेच महिने झाले. काहीच दिसत नाही. बोटांना कळतं."

काकू स्टुलावरून उतरल्या. काकांच्या खांद्याला कपाळ टेकून क्षणभर उभ्या राहिल्या. मग पॉलिशपेपरचा तुकडा फाडून त्यांच्या हातात दिला.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे ते दोघं रोज सकाळी काम करत. काका घासत, काकू रंगवत. शेजारचे म्हातारे चिनी गृहस्थ रोज चक्कर मारून जात. एकदा न राहवून म्हणाले, "मूव्हिंग आउट, स्टिल पेंटिंग, आह?"

"शी इज द चीफ," काका घासणं न थांबवता त्यांच्याच सिंगापुरी ढंगात म्हणाले. "आय ओन्ली टेक ऑर्डर्स, लाह!"

इतके मोकळे, इतके हलके झालेले काका मी आधी पाहिले नव्हते. वरच्या मजल्यावरची एकच खिडकी राहिली असताना, एका दुपारी आरामखुर्चीत बसल्या जागी ते गेले. हृदय थांबलं. अंत्यसंस्कार झाले, लोक येऊन गेले. तेराव्यानंतरच्या सोमवारी मी गेले, तर ती खिडकी रंगवून झाली होती. कोपरे मात्र खडबडीतच होते. काकू म्हणाल्या, "राहू दे तसेच. ते काम माझं नव्हतं."

बेडोकला फ्लॅट घ्या, आमच्या जवळ राहा, असं आम्ही परोपरीनं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. स्वीडनमध्ये भाचीकडे गेल्या. विमानतळावर मी वाकले, तेव्हा त्यांनी मला उठवून घट्ट धरलं.

नाताळाला त्यांचं पत्र यायचं. देवनागरीत, मोठ्या अक्षरांत. तीन वर्षांनी आलेलं पत्र त्यांच्या भाचीचं होतं, इंग्रजीत. काकू गेल्याचं तिनं कळवलं होतं. पुढे लिहिलं होतं: शेवटचे दोन दिवस मावशी आमच्यापैकी कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलत होती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची. नर्सनं ते ऐकू आलं तसं लिहून ठेवलं आहे. याचा अर्थ काय, ते सांगाल का?

खाली रोमन अक्षरांत चार शब्द होते. मी ते मोठ्यानं वाचले तेव्हा जुळले.

"आले, वसंत. जरा थांब."

वसंत म्हणजे सामंतकाका. मी त्याच दिवशी भाचीला उत्तर लिहायला बसले. इंग्रजीत एवढं साधं वाक्य लिहायला मला संध्याकाळ झाली.